छातीत पाणी भरणाऱ्या बाई

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे मान्यवर पाहुणे, आज सेवानिवृत्त होत असलेल्या आपल्या डॉक्टरबाई, नवजात विभागातल्या सर्व सिस्टर आणि मावशी, आणि चहा कधी येतो याकडे डोळे लावून बसलेले मागच्या रांगेतले सज्जनहो, सर्वांना माझा नमस्कार.

हा माइक जरा बाजूला सारतो. राग नसावा. तीस वर्षं मी सार्वजनिक जलतरण तलावावर पोहायला शिकवलं. या काठावरून त्या काठाला ‘पाय मार, पाय!’ असं ओरडणाऱ्या माणसाला माइक देणं तुमच्याच कानांना महागात पडेल.

आता तुम्ही म्हणाल, बाळांच्या डॉक्टरांना निरोप द्यायला हा पोहणारा कुठून आला? सांगतो. या बाईंनी माझ्या नातीच्या छातीत पाणी भरलं.

बघा, बाई मान हलवताहेत. पाणी नाही, द्रव. अकरा वर्षं त्या माझी ही चूक सुधारताहेत आणि अकरा वर्षं मी ती करतोय.

माझी लेक पंचविसाव्या आठवड्यात बाळंत झाली. पोर सातशे चाळीस ग्रॅमची. माझा ओला टॉवेल याहून जड असतो. सकाळपर्यंत मी काळ्या केसांचा गृहस्थ होतो, दुपारी सगळं रुग्णालय मला आजोबा म्हणू लागलं. त्या धक्क्यातून सावरतोय तोच बाईंनी मला आणि जावयाला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, “फुफ्फुसं अजून तयार नाहीत. औषध दिलं, श्वासाचं यंत्र पूर्ण जोरावर आहे, तरी आतल्या पिशव्या उघडत नाहीत. एक उपचार आहे, अजून प्रयोगातला. परवानग्या घेतल्या आहेत. फुफ्फुसं एका द्रवाने भरायची आणि यंत्र चालूच ठेवायचं.”

जावई चष्म्याच्या दुकानात कामाला. अत्यंत सभ्य माणूस. तो मान डोलावत राहिला. मी उठून उभा राहिलो. “बाई, वीस वर्षं मी लोकांच्या छातीतून पाणी बाहेर काढलंय! पालथं घालून, पाठीत गुद्दे घालून! आणि तुम्ही माझ्या नातीला बुडवायला निघालात?”

दुसरा कुणी डॉक्टर असता तर मला दार दाखवलं असतं. बाईंनी दोन रबरी हातमोजे घेतले, आतून ओले केले, त्यांची बोटं चिकटवली आणि एक माझ्या हातात दिला. “फुंका.” मी फुंकलं. छाती माझी, तालमीतली. तरी दोन बोटं उघडली, तीन चिकटलेलीच. मग त्यांनी दुसरा मोजा नळाखाली धरला. पाणी आत शिरलं आणि पाचही बोटं टुणकन उघडली. त्यानंतर मोजा निसटला आणि जावयाच्या बुटांत रिकामा झाला. जावई म्हणाला, “काही हरकत नाही.” मी सांगितलं ना, सभ्य आहे.

“आईच्या पोटात हिच्या फुफ्फुसांत द्रवच होता,” बाई म्हणाल्या. “हवेला ती अजून तयार नाही. या द्रवात प्राणवायू भरपूर विरघळतो, आणि तो हळूहळू श्वासाबरोबर उडून जातो.”

“म्हणजे वाचेल?”

“माहीत नाही, आजोबा. काहीच केलं नाही तर वाचणार नाही, एवढं माहीत आहे.”

मी तरीही वाद घातला असता. पण पलीकडच्या खोलीत लेक खाटेवर पडली होती आणि माझा आवाज भिंतीला जुमानत नाही. तिकडून ती ओरडली, “बाबा, मूल माझं आहे! गप्प बसा आणि कागद इकडे पाठवा!” कागद गेला. सही झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता बाईंनी स्वतः सिरिंज धरली. श्वासाच्या नळीच्या बाजूच्या तोंडातून, धाग्यासारखी बारीक धार. यंत्र आपलं फुसफुसत होतं. मी कोपऱ्यात, तोंडाला मास्क. पडद्यावर प्राणवायूचा आकडा अठ्ठावन्न. मग पंचावन्न. मग एक्कावन्न. माझ्यातला पोहणारा जागा झाला आणि मी तलावाच्या आवाजात ओरडलो, “बाहेर काढा तिला!”

सात पेट्यांतली सात बाळं एकदम दचकली. समोर बसलेल्या या मुख्य सिस्टरांनी माझा दंड धरून मला काचेच्या बाहेर नेऊन ठेवलं. एवढ्या छोट्या चणीच्या सिस्टरांच्या हातात एवढा जोर? मी आजही त्यांच्याशी वाद घालत नाही.

अर्धा तास गेला. काचेतून मला बाईंची फक्त पाठ दिसत होती. शेवटी सिस्टरांनी आतून मला नऊ बोटं दाखवली. नऊ! मी भिंतीला टेकून खाली बसलो. तोंडात रुमाल कोंबला आणि रडलो. सिस्टर धावत बाहेर आल्या. “अहो आजोबा, नव्वद! नव्वद! नव्वद बोटं कुठून आणू?”

मग मी आणखी मोठ्याने रडलो. दचकवलेल्या बाळांची त्या दिवशीची संख्या चौदा.

पाच दिवस द्रव थोडा थोडा पुन्हा भरत राहिले. साडेतीन महिन्यांनी पोर घरी आली. आज ती अकरा वर्षांची आहे, चौथ्या रांगेत बसली आहे, आणि मी बोलायला उठल्यापासून तिने तोंडावर कार्यक्रमपत्रिका धरली आहे. सर्दी तिला लवकर होते. पोहायला सांगितलं तर म्हणते, मला बुद्धिबळ आवडतं.

मी हे भाषण बाईंना आधी वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी एक अट घातली. म्हणाल्या, “सगळं सांगणार असाल तरच बोला.” म्हणून सांगतो. त्या वर्षी इथे तीन बाळांना हा उपचार दिला. दोन जगली, एक गेलं. पुढे तो द्रव मिळेनासा झाला, दुसरे उपचार सुधारले, आता इथे तो कुणी देत नाही.

गेलेल्या त्या बाळाचे आईवडील मघाशी मला दारात भेटले. वडील बस चालवतात, आज रजा टाकून आलेत. ते म्हणाले, “आमच्याही वतीने बोला. आमची मुलगी सहा दिवस होती. पेटीवरच्या चिठ्ठीवर सगळे नुसता नंबर लिहीत होते. बाईंनी आम्हाला तिचं नाव ठेवायला लावलं आणि स्वतःच्या हाताने तिथे लिहिलं. ती चिठ्ठी आमच्याकडे आहे.”

म्हणून हे भाषण त्यांच्याही वतीने आहे.

आयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही ऐकून घेतलं, याबद्दल मनापासून आभार. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाचा मान मागेपुढे झाला असेल, तर मोठ्या मनाने सांभाळून घ्या.

अहो बाई, उठताय कुठे? बसा. आज आम्ही उभे राहतो.