बॅटरीची तार

मी रशीद मिस्त्री, बीडकडच्या युसूफ वडगाव या गावचा. वडील विहिरीवरची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचे, त्यांच्या हाताखालीच शिकलो. त्यांचं एकच सांगणं, इंजिनाला हात लावायच्या आधी बॅटरीची तार काढ. काय सांगू तुम्हाला, तेच मला नडलं.

गावात विजेच्या मोटारी आल्या, इंजिनं भंगारात गेली, तवा मी ओळखीनं गुजरातच्या बंदरात गेलतो, मासेमारीच्या बोटीवर इंजिन सांभाळायला. बीडच्या माणसानं समुद्र कुठं बघितलेला असतोय? आठ दिवस नुसता ओकत होतो. बोटीचा तांडेल, म्हणजे बोटीवरचा मुख्य माणूस, भिकाभाई. तो लिंबू पिळून पाजायचा आणि हसायचा, मिस्त्री, एवढं पाणी बघून घाबरला का रे?

त्याच्यापाशी एक डबी होती, आपली बोट कुठं हाय ते दाखवणारी. देशाची हद्द जवळ आली की वाजायची. मी विचारलं, भिकाभाई, हद्द कुठं हाय, समोर तर नुसतं पाणी. तो म्हणाला, ती दिल्लीत दिसते, इथं न्हाई. आता आमच्या बीडकडं शेताचा वीतभर बांध कोरला तर डोकी फुटतात, पण बांध डोळ्याला दिसतो तरी. इथं दोन सरकारांनी कागदावर रेघ मारली, आणि किनाऱ्याजवळ मासळी उरली न्हाई म्हणून पोटासाठी त्या रेघेपाशी गेला तो गरीबच अडकला.

त्या दुपारी जाळं ओढून सगळे झोपले. भिकाभाई म्हणाला, डबी वाजली की उठेन. इंजिन बंदच होतं, म्हटलं, तेवढ्यात डिझेलचा पाईप साफ करून घेऊ, त्याला कशाला उठवायचं, लई दमलाय. सवयीनं तार काढली. डबी त्याच बॅटरीवर चालते हे डोक्यात आलंच न्हाई. आणि शेतात इंजिन उघडलं की ते जागेवर राहतं हो, बोट राहत न्हाई.

वर आलो तर शेजारी पलीकडच्या देशाची बोट, बंदुका रोखलेल्या. त्यांच्या साहेबानं विचारलं, इकडं कसे आलात? भिकाभाईनं बंद डबीकडं बघितलं, लोंबणाऱ्या तारेकडं बघितलं, मग माझ्याकडं. म्हणाला, साहेब, डबी बिघडली.

दोन वर्षं तिथल्या तुरुंगात काढली. त्या तारेवरून भिकाभाई मला एका शब्दानं बोलला न्हाई. एकदाच म्हणाला, तुझं नाव रशीद, गावी लोक तसंही तुलाच विचारतील, त्यात ह्या तारेची भर नको, कुणाला सांगू नकोस. आमची सुटका झाली, त्याच्या आधीच तो तापानं गेला.

आता हॉटेलवर पोरं विचारतात, काय मिस्त्री, पाहुणचार कसा होता? मी हसतो. त्याचं काय न्हाई. पण दर ईदेला भिकाभाईची बायको, जसुबेन, फोन करते, तब्येत विचारते. यंदा म्हणाली, रशीदभाई, ती डबी त्यांनी निघायच्या आदल्या दिवशीच दुरुस्त करून आणलेली, त्या मेकॅनिकनं फसवलं बघा, मी रोज त्याला शिव्या देते. आणि मी, काय सांगू, हं म्हटलं.

तोबी माझ्यासारखाच मिस्त्री असंल हो. त्यानं डबी नीट केलती.

तुमी हे लिहिलंय ते छापायच्या आधी तिला ऐकवा. न्हाई, थांबा, मीच फोन लावतो, तुमी नुसतं बसा इथं. नंतर तिचा फोन आला न्हाई तरी चालंल. अल्ला तिला सुखात ठेवो.