ओवा कोंबड्यांनी खाल्ला

न्हाई, तुमीच सांगा, उमापुरात किराण्याचं दुकान माजं, बरण्या माज्या, आन् छबुबाई येऊन म्हनती, 'वैजिनाथ, नातवाचं पोट दुखतंय, मूठभर ओवा दे,' तवा मलाच मान खाली घालून सांगाया लागतं, 'मावशी, ओवा संपला.' 'संपला? काल तर बरनी गच्च भरलेली व्हती!' आता लपवून लपवायचं किती? सांगून टाकलं... कोंबड्यांनी खाल्ला! म्हातारीनं कमरेवर हात ठिवले. 'म्हंजे आता मानसानं कोंबडीला इचारून ओवा घ्यायचा व्हय रं?' आन् गेली की तरातरा समोरच्या दुकानात! ओव्यासंगं साखर बी तिथनंच घेतली! आवो, कोंबड्याच त्या! त्यांच्यापायी गिऱ्हाईक तोडायचं का?

तुमाला सांगतो, ह्यात माजा काई दोष न्हाई. आमच्या घरात अंडं बी येत न्हाई, गळ्यात लिंग हाय. पन मळ्यात पाणी कमी, म्हनून कंपनीच्या करारावर बॉयलर कोंबड्यांचं शेड टाकलं. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, पोसायचं आपन, मोठी झाली की टेंपोत घालून त्येच नेत्यात. आपल्याला खायची न्हाईत, कापायची न्हाईत, हिशोब साधा! पन आमच्या मंडळीला, जगदेवीला, साधा हिशोब कदी कळलाय का?

झालं काय, ह्या लॉटला पिल्लांची पोटं बिघडली. नुस्ती पातळ हगवण! खाल्लेलं खाद्य तसंच्या तसं खाली, दाना न् दाना वळखू यावा! खाली अंथरलेला भाताचा तूस वला चिक्क, वास असा की डोळ्यातनं पाणी. आन् पिल्लं पंख पाडून कोपऱ्यात गप. कंपनीचा सुपरवायझर अमरसिंह, डोळ्यावर गॉगल, पाय शेडच्या बाहीर, तिथनंच वरडला, 'काका, ह्यो लॉट असाच बसला तर फुडची पिल्लं मी टाकनार न्हाई बरं का! शेडात मंग कडबा भरा!'

मला जेवन गेलं न्हाई. जगदेवी मातर पदर खोचून दुकानात शिरली. ओवा घेतला, हळद घेतली, लसनाची आख्खी माळ तोडली, मेथ्या, जिरं... मी म्हनलं, 'आगं, भाजी करायलीस का काय?' म्हनली, 'लेकीचं पोट बिघडल्यावर काय दिलतं? त्येच.' 'आगं पन लेक ती लेक! कोंबड्याच त्या!' तर माज्याकडं अशी बघितली... मी गुमान मिक्सरचं बटन दाबलं.

आन् घातलं की वो भसाभसा खाद्यात! पिल्लं आली, चोच लावली, मान झटकली आन् मागं फिरली. एक बी खाईना! आदी खात तरी व्हती, आता ते बी बंद! तेवढ्यात ह्यो अमरसिंह हजर. वास घेतला आन् पोट धरून हासाया लागला, 'वो काकू, मसाला कोंबडी मेल्यावर लावत्यात, जित्तेपनी न्हाई!' मला बी हासू आलं, पन जगदेवीच्या डोळ्यात पाणी बघितलं आन् ते मिशीतच मारलं.

दुसऱ्या दिवशी गेवराईहून जनावरांच्या डॉक्टरीण आनल्या. तेजश्री मॅडम. लई शांत बाई. रातीत मेलेलं एक पिल्लू फाडून बघितलं, खाद्य बोटावर चोळलं, तूस मुठीत दाबला. म्हनल्या, 'मोठा रोग नाही, काकू. पण तुमच्या पाण्याची नळी गळतेय, त्यानं तूस ओला होतोय, आणि ओल्यातले जंतू पिल्लांच्या पोटात जातायत. नळीचं काम कोणाकडं असतं?' जगदेवीनं बोट केलं. माज्याकडं!

'आणि ओवा?' तिनं हळूच इचारलं. 'ओवा, लसूण, हळद पचनाला मदत करतात. पण हे टॉनिक आहे, रोगावरचं औषध नाही, आणि एवढा वास आला तर पिल्लू खाणारच नाही. सगळं वाळवून, बारीक दळून, अगदी चिमटीचिमटीनं घाला. हे घ्या माप.' मंग म्हनल्या, 'पण खरंच गुण येतो का ते बघायचं असेल, तर मधी जाळी लावा. अर्ध्यांना द्या, अर्ध्यांना नको.'

झालं! जाळी लागली आन् घरात सुतक आल्यावानी! मी नळी नीट केली, वला तूस उपसला, कोरडा टाकला, कंबर मोडली, त्येचं कवतिक कुनाला? ही बया रोज सांजच्याला जाळीपाशी हुबी ऱ्हायची आन् बिनओव्याच्या पिल्लांची माफी मागायची! 'बाळांनू, रागवू नका, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय.' मी म्हनलं, 'आगं, कोंबड्याच त्या! आज न् उद्या टेंपोत बसनार हायेत, तुला म्हाईत हाय न्हवं?' तिनं माज्याकडं बघितलं बी न्हाई. खराटा मारता मारता म्हनली, 'म्हाईत हाय की. म्हनून काय जित्ती हायेत तवर बी पोट दुखू द्यायचं?'

मी बी दुसरा खराटा घेतला.

आन् खोटं कावून सांगू, गुन आला. नळी नीट झाल्यानं दोन्ही बाजू सुधारल्या, पन ओव्याच्या बाजूचा तूस पाय ठिवला की कुरकुर वाजायचा, आन् पिल्लं तर खाद्याच्या भांड्यावर अशी पडायची, जसं लग्नात पैली पंगत! अमरसिंह आला, गॉगल काढला, चक्क आत शिरला! दोन्ही बाजूची पिल्लं हातात तोलून बघितली. 'काका, ह्या बाजूला काय घातलंय?' म्या म्हनलं, 'मसाला!' जगदेवी तोंडाला पदर लावून खुदकन हासली. मॅडम येऊन बघून गेल्या आन् म्हनल्या, 'काढा जाळी.' ते शब्द तोंडातनं पडायच्या आत हिनं जाळी उपसली बी व्हती!

लॉट झ्याक गेला. फुडची पिल्लं आली. पन माजं काय? अमरसिंहानं शेडाशेडात सांगितलं, आन् आता दिवसभर फोन. 'ताई हायेत का?' मी म्हनतो, 'मी मालक बोलतोय.' 'न्हाई, ताईंलाच द्या.' गावोगावची शेडं हिला बघायला बोलवत्यात, आन् मी कोन? तर फटफटीचा डायवर! आवो, कोंबड्याच त्या... पन आमंत्रनं बघाल तर सोयऱ्यावानी!

परवा मांजरसुंब्याला गेलतो. ढाब्याच्या मागंच बंकट नावाच्या गड्याचं शेड. ही शिरली आत, मी ढाब्यावर बसलो. डाळ आली, गरम भाकरी आली, ठेचा आला. वाट बघून बघून मी घास मोडला. तेवढ्यात ही आली, हात धुतले, फुड्यात बसली आन् म्हनली, 'आवो, लई बेकार हगवण हाय बगा.' बाजूच्या टेबलावरचा मानूस ताट घिऊन उठला. म्हनलं आता मी बी रागावतो, चारचौघात हिला चांगलं सुनावतो...

घास गिळला, डाळ वाढून घेतली आन् इचारलं, 'रंग कसा हाय?'