तीन तुकडे, चार माणसं

...आणि बशी केवढी? तर माझ्या तळहाताएवढी! तीत तीन ऑलिव्ह. मोजून तीन. आणि माणसं किती? चार! आता तुम्हीच सांगा, चार माणसांसमोर तीन ऑलिव्ह ठेवणारा माणूस जेवायला घालतोय की भांडण लावून देतोय? मी तसं विचारलं, तर आमची कन्या म्हणते, "बाबा, हळू बोला ना! इथे असंच असतं. छोट्या छोट्या बश्या येतात, सगळ्यांनी मिळून वाटून खायचं."

वाटून खायचं म्हणे!

तुम्हाला सांगतो, रविवारची दुपार, पोटात कावळे ओरडतायत, कारण कन्येनं आदल्या दिवशीच बजावलेलं, "सकाळी काही खाऊ नका, भूमध्य समुद्राकाठचं जेवण आहे." म्हटलं, समुद्र एवढा मोठा, त्याच्या काठचं जेवण काय लहान असणार? गेलो. ज्या गल्लीत पूर्वी चाव्या करून मिळायच्या, छत्र्या दुरुस्त व्हायच्या, तिथे आता एकाला एक लागून वाइन बार. आत काळोख. भर दुपारी! भिंतीचं प्लास्टर खरवडून विटा उघड्या टाकलेल्या, मला वाटलं गवंडी काम अर्धवट टाकून पळाला, तर नाही, तीच म्हणे स्टाइल. आणि बसायला काय? उंच उंच स्टुलं! पाय लोंबकळतायत, पाठीला टेकू नाही... अहो, मी सुतार माणूस, एकेचाळीस वर्षं खुर्च्या केल्यात, माझ्या खुर्चीवर बसलेला माणूस उठायचं नाव घेत नाही, आणि इथे बसायचीच पंचाईत!

मग मी काय केलं, स्टूल उलटं केलं आणि खालून सांधा बघितला. भर हॉटेलात. काय करणार, सवय! कुणाच्याही घरी गेलो की आधी खुर्ची उलटी करतो, मग विचारतो कसे आहात. सांध्यात काय असावं? स्क्रू! नुसते स्क्रू पिळलेले! ही माझी बाही ओढतेय, "अहो, ठेवा ते खाली, लोक बघतायत!" आणि तेवढ्यात पलीकडून आवाज आला, "स्क्रूच असणार. सांधा करायला वेळ कुणाला आहे हल्ली?"

बघतो तर काय, पलीकडच्या टेबलाशी माझा धाकटा भाऊ! आणि त्याच्यासमोरही उलटं केलेलं स्टूल!

चार वर्षं, तुम्हाला सांगतो, चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. आताही तो बोलला ते स्टुलाशी बोलला, माझ्याशी नाही. लग्नबिग्न त्यानं केलं नाही, आमच्या कारखान्यात रंधा मारण्यात जन्म घालवला, माझ्या हाताखाली शिकला आणि एक दिवस, एका गिऱ्हाइकासमोर, मी तिथे उभा असताना, म्हणतो कसा... "नाजूक काम माझ्याकडे द्या हो. दादाचा हात आता थरथरतो."

खोटं होतं का? खोटं नव्हतं, म्हणून तर लागलं! खोटं असतं तर हसून सोडलं असतं. त्याच दिवशी मी माझी पटाशी, माझी करवत उचलली आणि घरी आलो. त्यानं यायचं, 'दादा, चुकलं' म्हणायचं, आणि मग मी जरा आढेवेढे घेऊन परत जायचं, एवढं सोपं होतं. नाही आला! सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात ना, आमच्या घरात तर दोन सुंभ.

आणि हा सगळा कन्येचा डाव. तिनं काकालाही बोलावलं, मला सांगितलं नाही, त्याला सांगितलं नाही, आणि आता हाताला धरून त्याला आमच्याच टेबलाशी आणून बसवलं. "इथे एकाच बशीतून खावं लागतं बाबा, मग बोलावंच लागतं." एवढी शिकली पोरगी, पण तिला कसं कळणार की बापाला बोलायची भीती नाही, हात पुढे करायची आहे?

कारण बघा, घरी कसं असतं? आपलं ताट आपल्यासमोर, हात थरथरला तर आपल्याच ताटात थरथरतो, कोण बघतंय? इथे बशी मधोमध. चौघांच्या नजरा तिच्यावर. काटा असा बारीक की कान कोरावा! त्या काट्यानं तो गुळगुळीत ऑलिव्ह टोचायचा, आणि तो टोचलेला ऑलिव्ह सगळ्यांसमोरून, धाकट्याच्या नाकासमोरून, मिरवत मिरवत तोंडापर्यंत आणायचा! छे! मी उजवा हात मांडीखाली घातला आणि म्हटलं, "मला भूक नाही."

वाटून खायचं म्हणे!

मग काय, बश्यांवर बश्या. तो दाढीवाला वेटर येतो, कमरेत वाकतो, कानात गुपित सांगितल्यासारखं सांगतो, "सर, हे काबुली चण्याचं वाटण, वर तिळाचं." पुसून घेतल्यासारखं बशीला लावलेलं! "सर, हा ऑक्टोपस, निखाऱ्यावर भाजलेला." आठ पायांचा प्राणी म्हणे, बशीत पाय किती? तीन! बाकीचे पाय कुठल्या टेबलावर चालत गेले? "सर, हे बकरीच्या दुधाचं चीज." ही खातेय, कन्या खातेय, तिसरा तुकडा बशीत तसाच, आणि दाढीवाला विचारतो, "झालं का, नेऊ?" अरे, नेतोस कुठे! पण बोलतो कोण? हाताची घडी, तोंडावर बोट. पोट इतक्या जोरात गुरगुरलं की शेजारच्या टेबलावरच्या बाईनं खाली कुत्रं शोधलं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं... धाकटाही खात नव्हता. एक घास नाही! मनात म्हटलं, वा! पश्चात्ताप! पोटात आग पेटली असेल, पण घास उतरत नाही, आता म्हणेल 'चुकलं', आता म्हणेल... मी चेहराही तयार ठेवला.

कन्या म्हणाली, "काका, निदान ग्लास तरी उचला." त्या ग्लासाची दांडी कसली, बुडाला काडी लावल्यासारखी. त्यानं मांडीखालून हात काढला. होय, मांडीखालून! ग्लास उचलला, आणि ग्लासाचा तळ बशीवर टक टक टक टक वाजायला लागला. लाल थेंब टेबलभर. त्यानं माझ्याकडे बघितलं. तोंड एवढंसं झालेलं.

आमच्या वडिलांचा हात शेवटी असाच व्हायचा. वाटणीत कपाट मला आलं, भिंतीवरचं घड्याळ त्याला गेलं, ही थरथर तेवढी दोघांना सारखी आली. वाटून खायचं म्हणे!

चार वर्षं वाट बघितली होती हो या क्षणाची. वाक्य तयार होतं, घासूनपुसून ठेवलेलं, सगळ्यांसमोर म्हणायचं होतं, 'काय रे, तुझाही हात थरथरतो वाटतं?' तोंड उघडलं... आणि बाहेर काय पडावं?

"टेबल हलतंय रे."

"हो दादा," तो म्हणाला. "केव्हापासून बघतोय मी. हलतंय."

दाढीवाला धावत आला. "सर, हे टेबल हलणं शक्यच नाही, जमिनीत बोल्टनं आवळलंय." आम्ही दोघांनी वाकून बघितलं. चार बोल्ट. घट्ट. एवढं एकच काम त्या हॉटेलात चोख केलेलं! आणि तुम्हाला सांगतो, आम्ही दोघं एकदम, एका आवाजात ओरडलो, "आम्हाला शिकवता? दोघांची मिळून ऐंशी वर्षं टेबलं करण्यात गेलीत!" ही कपाळाला हात लावून बसली. कन्या हसतेय की रडतेय, कळेना.

'चुकलं' तो म्हणाला नाही. शेवटपर्यंत नाही, आणि आता म्हणेल असंही वाटत नाही. बिचाऱ्या दाढीवाल्यानं माफी मागून आम्हाला खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन बसवलं, नवी बशी ठेवली, तीन तुकडे, आम्ही दोघांनी एकदम हात पुढे केले...

काय सांगू तुम्हाला, तेही टेबल हलत होतं!