बाल्कनीतले मशरूम

दवाखान्यात माझ्या शेजारी एक नवराबायको बसले होते.

"अगं, डॉक्टरांना सांगून टाक, मशरूम दुकानातले होते."

"हळू बोला! बाल्कनीत मी पिकवलेत म्हणून सगळ्यांना सांगितलंय."

"म्हणूनच ते विषारी समजतायत. वहिनीच्या पोटात नळी घालतील!"

"घालू देत. पोट साफ होईल."

"तिला नुसतं अपचन झालंय. तीनदा वाढून घेतलं तिनं."

"तेच तर! माझ्या हातचं जाऊबाईंनी आजवर दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं."

"तू सांगतेस की मी सांगू?"

"सांगा. इथून उठल्या की आधी सगळ्या खानदानाला फोन लावतील."

उठू लागलेला नवरा परत बसला. तेवढ्यात नर्स बाहेर आली.

"मशरूम घरचेच ना? नक्की? नळी घालायचीय, म्हणून विचारते."

"घरचेच," बाई म्हणाल्या. "अगदी सेंद्रिय."