बंदरागणिक अंगठी

लेक : हात वर धर आई, अजून वर. आधी सूज उतरू दे.

आई : राहू दे गं. उद्या नाही जायचं मला त्या हाताच्या ऑपरेशनला.

लेक : झालं सुरू! अगं, बोटं बधिर होतात तुझी. परवा माझं पिल्लू तुझ्या हातातून सटकत होतं, मी खाली हात धरला म्हणून बरं.

आई : म्हणून तर घेत नाही त्याला आता.

लेक : तेच म्हणतेय मी. ते तुझ्याकडे झेपावतं आणि तू हात मागे घेतेस. डॉक्टर काय म्हणाले? अंगठी घरूनच काढून या, नाही तर कापावी लागेल.

आई : कापतायत! काकडी आहे का?

बाबा : हा घ्या साबण. आणि बटणं लावायचा दोरा.

आई : तुम्ही पण तिच्याच बाजूचे!

बाबा : जहाजावर असंच करायचो. दोऱ्याचं टोक अंगठीखालून घाल, उरलेला सांध्यावर घट्ट गुंडाळ, वेढ्याला वेढा लावून. मग ते खालचं टोक धरून हळूहळू उलगडायचं. दोरा सुटतो तशी अंगठी वर सरकते.

लेक : पण तुम्ही तर जहाजावर घालतच नव्हता.

बाबा : नव्याने आलेल्यांच्या काढायचो. इंजिनरूममध्ये चालत नाही. कुठे अडकली तर बोट घेऊन जाते.

आई : यांची कपाटात असायची. पहिल्यांदा निघाले तेव्हा काढून माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, ठीक आहे, तुमची निघाली, माझी नाही निघणार. तू पोटात होतीस तेव्हा बोट भोपळ्यासारखं सुजलेलं, तरी काढली नाही. आई गं! हळू!

लेक : बाबा, बोला ना तिच्याशी काहीतरी. दुखतंय तिला.

बाबा : काय बोलू? ... आनेल्लो.

आई : इश्श, पोरीसमोर?

लेक : थांबा, हे फोनवरचं ना? रिसीव्हरमधून बाहेर ऐकू यायचं. मला वाटायचं, बाबा बंदराचं नाव सांगतायत. आणि आई नुसतं ‘आहे’ म्हणायची.

बाबा : माझ्यामागे ही रांग, सगळ्यांचे कान टवकारलेले. बायकोशी गोड बोलायची सोय कुठे? मग बंदरात उतरलं की सोनाराच्या काचेपाशी जायचं, अंगठीकडे बोट दाखवायचं, हिला काय म्हणता? इटालियन म्हणाला आनेल्लो. स्पॅनिश म्हातारी म्हणाली आनियो. पोर्तुगीज, आनेल.

आई : आणि इनेल?

बाबा : ते रुमानियन. आठवतंय तुला!

आई : बर्फ पडत होता म्हणालात. मोजे ओले होते तुमचे.

लेक : सगळे सारखेच की हो.

बाबा : बहिणीच त्या. आई लॅटिन. एकेकीला एकेका बंदरात दिलेली. बोलणं सासरचं झालं, नाक मात्र माहेरचं.

लेक : आणि फ्रेंच?

बाबा : आनो. ती जरा तोऱ्यातली, शेवट गिळून टाकते. तिथला दुकानदार म्हणाला, आम्ही एरवी दुसराच शब्द वापरतो. म्हटलं, मला हाच हवा, बायको ओळखते.

लेक : आणि ‘आहे’ म्हणजे?

आई : बोटात आहे. म्हणजे तुम्ही या.

लेक : ... आई, सांध्यापर्यंत आलीय बघ. आता तू म्हणशील तरच ओढते.

आई : नको. अहो, ही होती म्हणून तुम्ही येत राहिलात. वादळातून आलात. आता काढली आणि...

बाबा : अगं, आता कुठे जातो मी? कोपऱ्यावर दूध आणायला.

आई : तिथूनही यायला हवं ना माणसाने.

बाबा : तुझ्या बोटात काय आहे ते मला फोनमध्ये कुठे दिसत होतं? तू ‘आहे’ म्हणायचीस, तेवढं ऐकून यायचो मी.

(आई मग हात लेकीपुढे करते.)

आई : ओढ.

लेक : निघाली! केवढी खोल खूण पडलीय गं.

आई : कसं उघडं उघडं वाटतंय.

बाबा : दे, मी ठेवतो.

आई : कपाटात नको. करंगळीत घाला. आता कुठलं इंजिन राहिलंय तुमच्यापुढे?

बाबा : घातली.

आई : उद्या आत मी जाणार. दाराबाहेर तुम्ही बसायचं.

बाबा : बसेन की.

आई : बघा हं. सवय नाही तुम्हाला.