थराखालचे भावोजी

...नाही नाही, बुकिंग तुमचंच, तुम्ही कोल्हापूरहून एवढा घाट उतरून आलात, सगळं कबूल, पण ती समुद्राकडची खोली तेवढी मागू नका, तिच्यात माझे भावोजी आहेत. गणपतीला जोडीने आले. गणपती गेले, हे राहिले. देवाचं बरं असतं हो, उत्तरपूजा करून पाट हलवला की देवसुद्धा समजून उठतो, पण जावयाचा पाट कोण हलवणार? जावई दहावा ग्रह म्हणतात, पण ग्रहसुद्धा कधीतरी पालटतात!

हे हरिश्चंद्र भावोजी म्हणजे माझ्या नर्मदाताईचे यजमान, नेव्हीतून रिटायर, सगळी नोकरी पाणबुडीत. म्हणजे पगार कशाचा, तर लपून बसायचा. मी नाही म्हणत, ते स्वतःच सांगतात, चहाला सांगतात, जेवताना सांगतात... "सत्या, समुद्र म्हणजे एक पाणी न्हय रे, थर आसत थर! वर उन्हान तापलेलो, खाली एकदम गार." कुणाला सांगतोय हा माणूस? देवबागच्या माणसाला! अहो, खाडीत उभं राहिलं की छातीला कोमट आणि पायांना गार लागतं हे आमच्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक आहे. पण आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ना, एकजण बोलत राहतो आणि बाकीच्यांनी हात जोडून फक्त 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, जावयापुढेही तेच. व्हय म्हाराजा!

पुढे ऐका. म्हणे शत्रूचं जहाज वरून पाण्यात 'टिंग' असा आवाज सोडतं, तो पाणबुडीवर आपटून परत गेला की हिचा ठावठिकाणा कळला. पण आवाज कोमट पाण्यात पळतो आणि गार पाण्यात रेंगाळतो, त्यामुळे त्या थराशी आला की वाकतो, थोडा वरच्यावर फिरतो, थोडा खाली भलतीकडेच जातो, आणि मधे उरते सावली. "त्या सावलेत गप बसाचा. चमचोय पडता कामा नये. शत्रू डोक्यावरसून जाता, पण तेका पत्तो लागणा नाय!" आणि हे दाखवायला बंबातलं सगळं गरम पाणी बादलीत ओतून मला त्यात हात घालायला लावला, अख्ख्या घराने गार पाण्याने आंघोळ केली. व्हय म्हाराजा.

बरं, तुमची यायची वेळ जवळ आली तशी आमची यशोदा, माझी बायको हो, पदर खोचून उभी राहिली, "आज तेंका सांगा. खोली रिकामी झाली नाय तर मी दोडामार्गाक माहेराक जातंय, पाव्हण्यांची सुरमय तुमीच तळा!" आता मला उकडलेलं अंडं धड सोलता येत नाही, मी सुरमई तळणार? निघालो शोधायला. खोलीत बघतो, तर टॉवेल ओला, माणूस नाही. झोपाळ्यावर बघतो, तर झोपाळा हलतोय, माणूस नाही! अहो देवबाग ते केवढं, एका अंगाला खाडी, एका अंगाला समुद्र, मधे वाळूची पट्टी, इथे हरवलेली कोंबडी चहा निवायच्या आत सापडते, आणि हा एवढा पोटाचा घेर सापडू नये? पण पानं मांडली की पहिल्या पानावर हजर! आणि तोंडात घास असताना जावयाला 'निघा' म्हणायचं? आमच्यात नाही चालत.

शेवटी ताईलाच गाठलं, अगदी गोडीत म्हटलं, ताई, ती खोली जरा... झालं! तापली. "माझ्या घोवाक भायर काढतंस? ह्या माझ्या बापाशीचा घर आसा! हे चार दिस ऱ्हवले तर तुझो समुद्र आटतलो?" आणि तरातरा गेली ती थेट स्वयंपाकघरात, यशोदेशी भांडायला. म्हणजे बघा, मी आवाज सोडला भावोजींवर, तो ताईशी वाकला आणि आपटला माझ्या बायकोवर. आणि ज्यांच्यासाठी सोडला ते? सावलीत!

तेवढ्यात यशोदेची हाक आली, "अहो, खंय आसात? काय सांगितलात ताईंका?" मी काय करणार, पळालो मागच्या माडांत, तिथे जुनी होडी उपडी घातलेली आहे, तिच्याखाली शिरलो... तर आत भावोजी! मांडीवर करंज्यांची ताटली, तोंडावर बोट. यशोदा आली, होडीशीच थांबली, मला तिच्या पायातली जोडवी दिसत होती, मी श्वास रोखला, भावोजींनी करंजी चावायची थांबवली. तिने एक हाक मारली आणि गेली. गेली ती पिशवी उचलून दोडामार्गच्या एसटीतच बसली. भावोजी थोडे सरकले, मला करंजी दिली आणि हळूच म्हणाले, "थर."

मी काय म्हटलं असेन? व्हय म्हाराजा.

तेव्हा तुमच्या बॅगा आमच्या खोलीत ठेवल्यात, तिथून समुद्र दिसत नाही, शेजाऱ्यांचा संडास दिसतो. मी झोपेन होडीखाली, जागा आहे. आणि सुरमई मीच तळली आहे, आता वाढतो... चव बघून मला काही सांगू नका. हात जोडा, आणि सगळ्यांनी एकदम म्हणा!