बोटीवर व्यालेलं पाकट

आमचं गाव निलंग्याच्या अंगाला, कर्नाटक जवळच, आमी लिंगायत, घरात मासळीचं नाव निघालं तरी आई चूल सारवून घ्यायची, आन् मी झालो खलाशी, रत्नागिरीकडं मासेमारीच्या बोटीवर. काय सांगू तुम्हाला, गावातला एकजण तिकडं व्हता, त्याच्या मागं गेलो. वडील म्हनले, खातूस का, मी म्हनलो न्हाई, फकस्त धरतो, मंग म्हनले ठीक हाय, जा. अजून खात न्हाई. बोटीवर माझी डाळ येगळी शिजती, समदे अप्पा अप्पा म्हनून चिडवतेत, चिडवू द्या.

आमचं जाळं समुद्राचा तळ खरवडत येतं, त्यात पायजे ते येतं आन् नको ते बी. पाकट येतं. तव्यावानी चपटा मासा, शेपटीला इखारी काटा. दुसरी मासळी अंडीच अंडी घालती, पाकट मात्र जनावरावानी पिल्लं देतं, ती बी मोजकी, आन् पिल्लू वयात यायला वर्सं लागतेत. आदी लई यायची म्हंतेत जुने लोक, आता एखादं.

एकदा मादी आली, पोट तट्ट फुगलेलं, आन् बोटीच्या फळीवरच व्यायला लागली. जाळ्यात घावली की भेदरून पिल्लं टाकतेत म्हनं. मी शेतातला मानूस, म्हैस व्याली की पानी दाखवायचं येवढं ठाव, प्यायच्या पिंपातली बादली तिच्या तोंडावर वतली. तांडेल, म्हंजी बोट चालवणारा आमचा मुख्य, लई भडकला, अरं येड्या, समुद्राच्या जिवाला गोडं पानी, आन् आमी काय प्यावं. मी म्हनलो, मामा, चुकलं, पन व्यायला झालेली म्हैस कुनी कसायाला देतं का. त्यो म्हनला, बंदरावर गिऱ्हाईक हाय हिला. मी म्हनलो, समदी अशीच इकली तर पुढं धरायचं काय. त्यानं बिडी पेटवली. मला वाईट वाटत व्हतं, मी काय थांबलो न्हाई. काट्यावर वलं गोणपाट टाकलं, मी आन् आजून एका खलाशानं उचलून पान्यात सोडली. काही पिल्लं फळीवरच मेली, हालत व्हती ती बी सोडली.

आता पाकटाच्या काही जाती धरायला कायद्यानं बंदी हाय, बंदरावर सरकारी साहेब येऊन सांगतेत, जितं असलं तर लगेच सोडा. तांडेल बी आता जाळं वर आलं की मलाच हाक मारतो. लई येळा मेलेलंच असतं, तळावरून वढत आलेलं. जितं असलं की सोडतो. खाली गेलं की दिसत न्हाई, जगतं का मरतं देवाला ठाव, आन् दुसऱ्या दिशी आमी त्याच पान्यात जाळं टाकतो.